इंटरनेट नवउद्योग आणि उद्योग उबवणी केंद्रे

उद्योग उबवणी केंद्र किंवा इन्क्युबेटर ही नव्याने सुरू होणाऱ्या उद्योगांना त्यांच्या पहिल्या काही महिन्यांत वा वर्षांत जागा, सामायिक सुविधा, सल्ला, व्यावसायिक ओळखी आणि काही वेळा भांडवल पुरवणारी संस्था होय. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत उगम पावलेली ही कल्पना इ.स. १९९५ नंतर इंटरनेटवर आधारलेल्या नवउद्योगांशी घट्ट जोडली गेली. इंटरनेट उद्योगांच्या गरजा कारखानदारीपेक्षा वेगळ्या असल्यामुळे या केंद्रांना आपली पद्धत वारंवार बदलावी लागली. एका काळात दुर्मीळ असलेली सोय, मग ती जागा असो, सर्व्हर असो वा प्रारंभीचे भांडवल, पुढच्या काळात स्वस्त होते आणि तीच सोय पुरवण्यावर उभे असलेले केंद्र अडचणीत येते. इंटरनेट उबवणी केंद्रांच्या इतिहासातील बहुतेक वळणे या एका कारणाने घडलेली दिसतात.

संज्ञेचा उगम

अमेरिकेच्या न्यू यॉर्क राज्यातील बटेव्हिया या लहान शहरात शेतीयंत्रे बनवणाऱ्या मॅसी-हॅरिस कंपनीचा कारखाना १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद पडला. शहरातील मोठा रोजगारदाता गेला आणि सुमारे साडेआठ लाख चौरस फुटांची इमारत रिकामी पडली. स्थानिक मॅन्कुसो कुटुंबाने ती विकत घेतली. एवढी जागा घेणारा एकच भाडेकरू मिळेना, तेव्हा जोसेफ मॅन्कुसो यांनी इ.स. १९५९ मध्ये तिचे भाग पाडून ते लहान उद्योगांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. भाडेकरूंना सामायिक कार्यालयीन सेवा, व्यवसायाचा सल्ला आणि भांडवल मिळवण्यासाठी मदतही ते देत. या भाडेकरूंमध्ये कोंबडीची पिल्ले उबवणारी एक कंपनी होती. त्यावरून मॅन्कुसो यांनी आपल्या इमारतीला गमतीने ‘इन्क्युबेटर’ म्हणण्यास सुरुवात केली आणि पुढे हाच शब्द जगभर रूढ झाला, असे सांगितले जाते. मराठीतील ‘उबवणी केंद्र’ हा प्रतिशब्द त्या मूळ अर्थाशी नेमका जुळतो.

यानंतरची दोन दशके ही कल्पना संथ गतीने पसरली. फिलाडेल्फियातील युनिव्हर्सिटी सिटी सायन्स सेंटर इ.स. १९६३ मध्ये स्थापन झाले. इ.स. १९८०च्या बे-डोल कायद्याने सरकारी खर्चातून झालेल्या संशोधनाचे हक्क अमेरिकी विद्यापीठांना मिळू लागले आणि विद्यापीठांच्या आवारात अशी केंद्रे निघू लागली. इ.स. १९८५ मध्ये उबवणी केंद्रांची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. या काळातील बहुसंख्य केंद्रे ना-नफा तत्त्वावर चालत. स्थानिक रोजगार वाढवणे हा त्यांचा हेतू असे आणि भाडे हे उत्पन्नाचे प्रमुख साधन असे.

इंटरनेट उद्योगांच्या वेगळ्या गरजा

बटेव्हियातील भाडेकरूला छप्पर, वीज आणि माल चढवण्या-उतरवण्याची जागा लागत होती. संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला यांपैकी फारसे काही लागत नाही. तिची अडचण वेळेची असते. ज्या सेवेचे मूल्य वापरणाऱ्यांच्या संख्येबरोबर वाढते, तिथे पहिल्या मोठ्या वापरकर्तावर्गावर ताबा मिळवणाऱ्याला गाठणे इतरांना कठीण जाते. त्यामुळे कार्यालय शोधणे, वकील नेमणे, हिशेबनीस मिळवणे, सर्व्हर विकत घेऊन बसवणे यांत गेलेले चार-सहा महिने १९९०च्या दशकात फार महाग पडत. सर्व्हर आणि विदागार प्रणालींचे परवाने त्या काळी इतके खर्चिक होते की एकही ग्राहक येण्यापूर्वीच मोठी रक्कम गुंतवावी लागे.

ही अडचण ओळखून नफ्यासाठी चालणारी नव्या प्रकारची उबवणी केंद्रे पुढे आली. भाड्याऐवजी ती कंपनीच्या समभागांत हिस्सा घेत. त्यामुळे केंद्राचे हित भाडेकरूच्या भवितव्याशी बांधले गेले. कंपनी वाढली तर केंद्राला अनेक पटींनी लाभ होई. ती बुडाली तर केंद्राची गुंतवणूकही बुडे.

आयडियालॅब

या प्रकाराचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे बिल ग्रॉस यांनी इ.स. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे स्थापन केलेली आयडियालॅब ही संस्था. बाहेरून येणाऱ्या उद्योजकांची वाट न पाहता कल्पना स्वतःच शोधायची, तिच्यासाठी कंपनी काढायची, प्रमुख नेमायचा आणि थोडे प्रारंभिक भांडवल द्यायचे, अशी तिची पद्धत होती. हिशेब, कायदेशीर कामे, संरचना, नोकरभरती आणि तांत्रिक व्यवस्था या सेवा सर्व कंपन्यांना एकाच ठिकाणाहून मिळत. कंपन्यांची माणसे एका मोठ्या मोकळ्या दालनात बसत, त्यामुळे एकीने सोडवलेली अडचण दुसरीला पुन्हा सोडवावी लागत नसे. मालकीबाबतही ग्रॉस यांचे मत वेगळे होते. उपक्रमातील मोठा हिस्सा तो चालवणाऱ्यांना दिला, तर मूळ संस्थेकडे उरलेल्या लहान हिश्श्याचे मूल्यही पूर्ण मालकीपेक्षा अधिक होऊ शकते, असे त्यांनी इ.स. १९९८ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात मांडले.

कल्पना स्वस्तात पडताळून पाहणे ही आयडियालॅबची दुसरी महत्त्वाची सवय होती. मोटारगाड्या इंटरनेटवरून कोणी विकत घेईल का, हा प्रश्न त्या काळी गंभीरपणे विचारला जाई. कार्सडायरेक्ट ही कंपनी उभारण्यापूर्वी आयडियालॅबने एक साधे संकेतस्थळ सुरू केले. कंपनीकडे स्वतःचा गाड्यांचा साठा नव्हता. अल्पावधीतच खऱ्या मागण्या आल्या आणि त्या गाड्या विक्रेत्यांकडून विकत घेऊन, प्रसंगी तोटा सोसून ग्राहकांना पोहोचवण्यात आल्या. काही गाड्यांवर झालेल्या या तोट्यात मिळालेले उत्तर कोणत्याही बाजार-पाहणीपेक्षा भरवशाचे होते. पुढील काळात नवउद्योगांना शिकवल्या जाणाऱ्या ‘आधी पडताळा, मग उभारा’ या पद्धतीची ही पूर्वखूण मानता येईल.

गोटू डॉट कॉम ही आयडियालॅबची दूरगामी परिणाम करणारी कंपनी ठरली. शोधनिकालांतील स्थानासाठी जाहिरातदारांनी बोली लावावी आणि वाचकाने जाहिरातीवर क्लिक केल्यावरच पैसे द्यावेत, ही तिची पद्धत इ.स. १९९८ मध्ये मांडली गेली तेव्हा तिच्यावर बरीच टीका झाली. शोधनिकाल विकणे अनेकांना अप्रामाणिक वाटले. ही कंपनी इ.स. २००१ मध्ये ओव्हर्चर या नावाने ओळखली जाऊ लागली आणि याहूने ती इ.स. २००३ मध्ये सुमारे १६३ कोटी डॉलरना विकत घेतली. तिच्या एकस्वाधिकारावरून गूगलशी चाललेला वाद इ.स. २००४ मध्ये मिटला तेव्हा गूगलने याहूला आपले २७ लाख समभाग दिले. आजच्या शोधजाहिरातींच्या मोठ्या भागाचे मूळ या उबवणी केंद्रात आहे.

ईटॉइज या खेळणी विकणाऱ्या कंपनीची कथा याच्या उलट आहे. मे १९९९ मध्ये तिच्या समभागांची प्रथम विक्री झाली आणि पहिल्याच दिवशी तिचे बाजारमूल्य टॉइज आर अस या दुकानांच्या प्रचंड साखळीपेक्षा अधिक झाले. मार्च २००१ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली.

डॉट-कॉम फुगा आणि मालकीचा पेच

इ.स. १९९९ च्या सुमारास उबवणी केंद्रे स्वतःच शेअर बाजारातील आकर्षण बनली. सीएमजीआय आणि इंटरनेट कॅपिटल ग्रुप या कंपन्यांचे समभाग अल्पकाळात अनेक पटींनी चढले. न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या नव्या क्रीडागाराला आपले नाव देण्याचे हक्कही सीएमजीआयने विकत घेतले.

या चढत्या काळात एका जुन्या कायद्याचा अडसर पुढे आला. अमेरिकेच्या इ.स. १९४० च्या गुंतवणूक कंपनी कायद्यानुसार, ज्या कंपनीच्या मालमत्तेचा ४० टक्क्यांहून अधिक भाग इतर कंपन्यांच्या रोख्यांत आहे, ती साधारणपणे गुंतवणूक कंपनी ठरते आणि तिच्यावर कडक बंधने येतात. ज्या उपकंपनीत बहुमताचा हिस्सा आहे तिचे रोखे मात्र या मोजणीत धरले जात नाहीत. म्हणून बाजारात नोंदणी झालेल्या किंवा होऊ पाहणाऱ्या उबवणी केंद्रांना आपल्या कंपन्यांत मोठा हिस्सा राखणे सोयीचे वाटू लागले. संस्थापकांना मोठा वाटा देण्याच्या मूळ तत्त्वाच्या हे नेमके विरुद्ध होते. निम्म्याहून अधिक मालकी दुसऱ्याकडे असेल, तर गुणवान उद्योजकाने अशा केंद्रात का यावे, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,०४८ अंकांवर पोहोचला आणि ९ ऑक्टोबर २००२ पर्यंत १,११४ पर्यंत घसरला. आयडियालॅबने इ.स. २००० च्या प्रारंभी सुमारे १०० कोटी डॉलर उभारले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिने समभागविक्रीसाठी अर्ज केला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. पॅसाडेनाबाहेर उघडलेली कार्यालये बंद करावी लागली. इ.स. २००२ मध्ये काही गुंतवणूकदार, संस्था विसर्जित करून उरलेली रोकड परत मिळावी, या मागणीसाठी न्यायालयात गेले. सीएमजीआयने त्याच वर्षी क्रीडागाराचे नामहक्क सोडले आणि त्याला जिलेट हे नाव मिळाले.

या पडझडीत इंटरनेट उबवणी केंद्रांपैकी बरीच बंद पडली. एकाच क्षेत्रातील, एकमेकांचेच ग्राहक असलेल्या कंपन्या एका छताखाली ठेवल्यास संकट एकाच वेळी सर्वांवर येते, हे या निमित्ताने दिसून आले. आयडियालॅब मात्र टिकली. तिने कंपन्यांची संख्या कमी केली आणि सौरऊर्जा व अन्य तंत्रज्ञानाकडे मोर्चा वळवला. छायाचित्रे जतन करणारी तिची पिकासा ही कंपनी गूगलने इ.स. २००४ मध्ये घेतली. पुढे इ.स. २०१५ मध्ये ग्रॉस यांनी आयडियालॅबमधील आणि बाहेरील मिळून सुमारे २०० कंपन्यांची तुलना मांडली. यशापयशातील फरकात वेळ साधण्याचा वाटा सर्वाधिक, म्हणजे ४२ टक्के, आणि भांडवलाचा सर्वांत कमी, १४ टक्के, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे आकडे एका अनुभवी व्यक्तीचे मूल्यांकन आहेत, काटेकोर मापन नव्हे. तथापि कल्पनांच्याच बळावर संस्था उभारणाऱ्याने कल्पनेला तिसरे स्थान द्यावे, ही बाब लक्षणीय आहे.

तुकडी पद्धत: वाय कॉम्बिनेटर

इ.स. २००५ पर्यंत परिस्थिती पालटली होती. मुक्त संगणकप्रणालींमुळे परवान्यांचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला होता आणि सर्व्हर स्वस्त झाले होते. इ.स. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण व संगणनक्षमता भाड्याने देण्यास सुरुवात केल्यावर सर्व्हर विकत घेण्याचीही गरज उरली नाही. दोन-तीन तरुणांनी काही महिन्यांत सेवा उभी करणे शक्य झाले. त्यांना कार्यालय नको होते; काही महिन्यांचा राहण्या-जेवण्याचा खर्च, योग्य वेळी खडसावणारा सल्लागार आणि गुंतवणूकदारांपर्यंत पोहोचण्याची वाट एवढे पुरेसे होते.

पॉल ग्रॅहम, जेसिका लिव्हिंगस्टन, रॉबर्ट मॉरिस आणि ट्रेव्हर ब्लॅकवेल यांनी मार्च २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे स्थापन केलेल्या वाय कॉम्बिनेटरने नेमके एवढेच देऊ केले. प्रत्येक संस्थापकामागे सुमारे ६,००० डॉलर, त्या बदल्यात सहा-सात टक्क्यांच्या आसपास हिस्सा, तीन महिन्यांचा कार्यक्रम, आठवड्यातून एकदा सर्वांचे एकत्र जेवण आणि शेवटी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरणाचा दिवस, असे तिचे स्वरूप होते. अर्ज एकेकटे न स्वीकारता संपूर्ण तुकडी एकाच वेळी घेतली जाई. पहिल्या उन्हाळी तुकडीत आठ कंपन्या होत्या. ही संस्था जागा देत नसे. अशा मुदतबंद, तुकडीनिशी चालणाऱ्या कार्यक्रमांना पुढे ‘ॲक्सिलरेटर’ हे वेगळे नाव मिळाले. कोलोरॅडोतील बोल्डर येथे सुरू झालेला टेकस्टार्स हा त्याच वळणाचा कार्यक्रम आहे.

पहिल्या तुकडीतील रेडिटची निवड या पद्धतीचा स्वभाव दाखवते. स्टीव्ह हफमन आणि अलेक्सिस ओहानियन यांनी मोबाइलवरून खाद्यपदार्थ मागवण्याच्या सेवेसाठी अर्ज केला होता. तो नाकारला गेला. परंतु दुसऱ्याच दिवशी, कल्पना बदलणार असाल तर या, असा निरोप त्यांना मिळाला. जी कल्पना नाकारली गेली तिचा काळ काही वर्षांनी आलाच, पण निवड माणसांची झाली होती.

सल्ल्याचे मोल किती असू शकते, याचे उदाहरण म्हणून एअरबीएनबीचा दाखला दिला जातो. इ.स. २००९ च्या प्रारंभी या कार्यक्रमात आलेल्या तिच्या संस्थापकांची कमाई आठवड्याला २०० डॉलरच्या आसपास अडकली होती. त्यांचे बहुतेक ग्राहक न्यू यॉर्कमध्ये होते आणि ते स्वतः कॅलिफोर्नियात. ग्रॅहम यांनी त्यांना ग्राहकांकडे जाण्यास सांगितले. घरमालकांनी मोबाइलवर काढलेली अंधुक छायाचित्रे पाहून कोणी खोली घेणार नाही, हे तिथे गेल्यावर त्यांच्या लक्षात आले. कॅमेरा भाड्याने घेऊन त्यांनी स्वतः छायाचित्रे काढली आणि कमाई लवकरच दुप्पट झाली. संगणकाच्या पडद्यावरून न सुटणारी अडचण दारोदार फिरून सुटली; इंटरनेट नवउद्योगाच्या बाबतीत हे विसरले जाण्याची शक्यता अधिक असते.

वाय कॉम्बिनेटरची अर्थव्यवस्थाही स्थिर राहिलेली नाही. इ.स. २०१३ मध्ये तिने ‘सेफ’ नावाचा छोटा, प्रमाणित गुंतवणूक-करार प्रसिद्ध केला. त्यामुळे कंपनीचे मूल्य लगेच न ठरवता पैसे घेता येऊ लागले आणि वकिलांचा खर्च वाचला. इ.स. २०१४ मध्ये ७ टक्क्यांसाठी १,२०,००० डॉलर दिले जात; इ.स. २०२२ पासून ७ टक्क्यांसाठी १,२५,००० डॉलर आणि पुढील फेरीच्या अटींवर आणखी ३,७५,००० डॉलर दिले जाऊ लागले. महासाथीच्या काळात कार्यक्रम दूरस्थ झाला, इ.स. २०२२ च्या हिवाळ्यातील तुकडी ४०० च्या पुढे गेली आणि बाजार थंडावताच पुढची तुकडी सुमारे ४० टक्क्यांनी लहान करण्यात आली.

नक्कल करून उभारणी

बर्लिनमध्ये साम्वर बंधूंनी इ.स. २००७ मध्ये स्थापन केलेल्या रॉकेट इंटरनेटने तिसरा मार्ग धरला. अमेरिकेत यशस्वी झालेली सेवा हेरायची आणि ती इतर देशांत वेगाने उभारायची, हे तिचे सूत्र होते. नव्या कल्पनेतील जोखीम यात टळते. उरते ती अंमलबजावणीची जोखीम. युरोपात झलांडोसारखी मोठी कंपनी यातून उभी राहिली. भारतात मात्र फुटकळ किमतीला विक्री करण्याची वेळ आली: रॉकेटच्या पाठबळाने वाढलेली जबाँग ही कपडेविक्री कंपनी इ.स. २०१६ मध्ये फ्लिपकार्टच्या मिंत्राने सुमारे ७ कोटी डॉलरना घेतली.

भारतातील स्थिती

भारतात या क्षेत्राची सुरुवात सरकारी प्रयत्नांतून झाली. राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान उद्योजकता विकास मंडळ इ.स. १९८२ मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या आधाराने शैक्षणिक संस्थांत केंद्रे निघाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘साइन’ हे केंद्र इ.स. २००४ पासून कार्यरत आहे. त्याची मुळे संस्थेच्या माहिती तंत्रज्ञान विभागातील प्रयोगात होती. पुढे त्याने यंत्रसामग्रीशी निगडित उद्योगांनाही जागा दिली. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज ही तेथूनच पुढे आलेली कंपनी इ.स. २०२३ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेशी संलग्न व्हेंचर सेंटरने इंटरनेटऐवजी विज्ञानाधारित उद्योगांवर लक्ष केंद्रित केले. प्रयोगशाळेतील महागडी उपकरणे ही तेथे दुर्मीळ गोष्ट आहे, त्यामुळे भौतिक जागेचे महत्त्व त्या केंद्रात टिकून राहिले.

कंपनी अधिनियम, २०१३ नुसार मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांतील तंत्रज्ञान उबवणी केंद्रांना दिलेला निधी सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चात धरला जाऊ लागला. हैदराबादमधील टी-हब इ.स. २०१५ मध्ये सुरू झाले. १६ जानेवारी २०१६ रोजी स्टार्टअप इंडिया योजनेची आखणी जाहीर झाली आणि अटल नवोन्मेष अभियानाखाली प्रत्येक केंद्राला १० कोटी रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. महाराष्ट्राने इ.स. २०१८ मध्ये स्वतःचे नावीन्यपूर्ण स्टार्टअप धोरण स्वीकारले. गोव्यात वेर्णे येथील सीबा आणि फातोर्डा येथील डॉन बॉस्को अभियांत्रिकी महाविद्यालयातील फायर ही केंद्रे कार्यरत आहेत.

अनुदानावर चालणाऱ्या केंद्रांची एक ठळक मर्यादा आहे. अनुदान इमारत, उपकरणे आणि दाखल कंपन्यांची संख्या यांवर मोजले जाते. पहिला पैसे देणारा ग्राहक मिळवून देण्यासाठी केलेली धडपड अहवालाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही. इ.स. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ९४५ कोटी रुपयांच्या स्टार्टअप इंडिया बीज निधी योजनेने केंद्रांची भूमिका काही अंशी बदलली. या योजनेत निधी सरकारकडून थेट नवउद्योगाला न जाता निवडलेल्या उबवणी केंद्रामार्फत जातो: कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंत कर्ज वा परिवर्तनीय रोखे. त्यामुळे जागा देणाऱ्या केंद्राला गुंतवणूकदाराप्रमाणे निवड करावी लागू लागली.

परिणामकारकतेविषयीचे संशोधन

उबवणी केंद्रांमुळे नवउद्योग खरोखर अधिक टिकतात का, हे ठरवणे कठीण आहे. नावाजलेली केंद्रे मुळातच आश्वासक संस्थापक निवडतात. ते केंद्राविनाही यशस्वी झाले असते, ही शक्यता वगळता येत नाही. या अडचणीवर मात करण्याचा एक विचारपूर्वक प्रयत्न चिलीतील कार्यक्रमावर झाला. सँटियागो येथे इ.स. २०१० मध्ये सुरू झालेल्या स्टार्ट-अप चिलीने जगभरातील संस्थापकांना हिस्सा न घेता सुमारे ४०,००० डॉलर आणि सामायिक कार्यालय देऊ केले. त्यांपैकी काही निवडक कंपन्यांना याशिवाय नियमित मार्गदर्शन आणि उत्तरदायित्वाच्या बैठका मिळत. हुआनिता गोन्सालेस-उरिबे आणि मायकल लेदरबी यांनी निवडीच्या गुणांकनरेषेच्या जरा वर आणि जरा खाली राहिलेल्या कंपन्यांची तुलना करून इ.स. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. केवळ पैसा व जागा मिळालेल्या कंपन्यांच्या कामगिरीत फरक पडल्याचा पुरावा त्यांना आढळला नाही. ज्यांना मार्गदर्शनाची जोड मिळाली, त्यांची भांडवल-उभारणी आणि आकार मात्र लक्षणीय वाढलेला आढळला. या बैठकांत संस्थापकांना ठरावीक काळाने आपल्या उद्दिष्टांचा हिशेब इतर संस्थापकांसमोर द्यावा लागत असे.